डहाणू-तलासरी परिसराविषयीच्या सांख्यिकी माहितीचे वर्गीकरण व आलेखन : एक ऐतिहासिक अभ्यास (१८७२ ते २०१४)

प्रस्तावना :

इतिहासाच्या अभ्यासात सांख्यिकी सारण्यांचा उपयोग साधन म्हणून केला जातो. परंतु त्या सारण्यांचाही एक इतिहास असतो याकडे सामान्यतः दुर्लक्ष होते. कोणती माहिती गोळा करावयाची, ती कोणत्या रकान्यात घालावयाची, वर्गांच्या सीमा कोठे आखावयाच्या आणि शेवटी ती कोणत्या आलेखाने दाखवावयाची, हे निर्णय कोणीतरी विशिष्ट काळी, विशिष्ट हेतूने घेतलेले असतात. त्या निर्णयांचे परिणाम मात्र ज्यांची मोजणी झाली त्यांना भोगावे लागतात.

ठाणे जिल्ह्याच्या उत्तर टोकाला असलेले आणि १ ऑगस्ट २०१४ पासून पालघर जिल्ह्यात समाविष्ट झालेले डहाणू व तलासरी हे तालुके या दृष्टीने अभ्यासण्याजोगे आहेत. पश्चिमेस समुद्रकिनारा, चिकूच्या वाड्या व रेल्वेमार्ग. पूर्वेस डोंगराळ, वनाच्छादित आणि प्रामुख्याने वारली, कोकणा, मल्हार कोळी, धोडी, दुबळा, काथोडी आदी जमातींची वस्ती, असे या परिसराचे स्वरूप आहे. डहाणू तालुक्यातील कैनाड हे अशाच आदिवासीबहुल पट्ट्यातील एक गाव. जिल्हा जनगणना पुस्तिकेत या गावाच्या वाट्याला एक ओळ येते. तालुक्याच्या सारणीत ती ओळ बेरजेत मिसळते, जिल्ह्याच्या सारणीत तालुकाही बेरजेत मिसळतो आणि राज्याच्या आलेखात जिल्ह्याचा केवळ एक स्तंभ उरतो. या प्रवासात काय टिकते आणि काय हरवते, हा प्रस्तुत शोधनिबंधाचा विषय आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे :

१. डहाणू-तलासरी परिसराविषयीच्या सांख्यिकी माहितीच्या वर्गीकरणाचा वासाहतिक काळापासूनचा आढावा घेणे.
२. प्रशासकीय सीमाबदलांचा सारण्या व आलेख यांवर झालेला परिणाम तपासणे.
३. स्तंभालेख, वृत्तालेख व रेषालेख या प्राथमिक आलेखांच्या आधारे सरासरीच्या मर्यादा स्पष्ट करणे.
४. अंगणवाडीतील वाढतक्त्याचे ऐतिहासिक व सामाजिक महत्त्व विशद करणे.

संशोधन पद्धती :

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व वर्णनात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे. जनगणना, गॅझेटिअर, शासकीय अहवाल आणि प्रकाशित ग्रंथ या साधनांतील माहितीचा आधार घेतला आहे. तालुकानिहाय आकडे २०११ च्या जनगणनेचे आहेत. २०२१ मध्ये अपेक्षित असलेली जनगणना पुढे ढकलली गेली व पुढील जनगणनेची अधिसूचना जून २०२५ मध्ये निघाली. त्यामुळे २०११ नंतरची संपूर्ण मोजणीवर आधारलेली तालुकानिहाय आकडेवारी उपलब्ध नाही. टक्केवारी, मध्य व मध्यगा यांची गणिते या आकड्यांवरून केलेली आहेत.

आलेखपद्धतीची पार्श्वभूमी :

आकड्यांचे चित्र काढण्याची कल्पना फार जुनी नाही. स्कॉटलंडच्या विल्यम प्लेफेअर याने १७८६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या व्यापारविषयक ग्रंथात रेषालेख व स्तंभालेख यांचा पद्धतशीर वापर केला. १८०१ मध्ये त्यानेच वृत्तालेखाचा पहिला ज्ञात नमुना छापला. क्रिमियन युद्धात लढाईतील जखमांपेक्षा टाळता येण्याजोग्या रोगांनी अधिक सैनिक दगावले, हे फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी १८५८ मध्ये वर्तुळाकार आलेखाद्वारे ब्रिटिश राज्यकर्त्यांसमोर मांडले. पुढे भारतातील लष्कराच्या आरोग्याच्या प्रश्नातही त्यांनी आकडेवारीच्या बळावरच लक्ष घातले. सलग वर्गांतरांचे वितरण दाखविणाऱ्या आयतालेखाला त्याचे इंग्रजी नाव कार्ल पिअर्सन यांनी १८९० च्या दशकात दिले. भारतात प्रशांतचंद्र महालनोबिस यांनी १९३१ मध्ये भारतीय सांख्यिकी संस्थेची स्थापना केल्यानंतर या शास्त्राला संस्थात्मक अधिष्ठान लाभले.

या इतिहासातून एक गोष्ट लक्षात येते. आलेखाचा उगम सजावटीसाठी झालेला नाही. सारणीत दडलेला फरक डोळ्यांना एका दृष्टिक्षेपात दिसावा आणि निर्णय घेणाऱ्याला तो टाळता येऊ नये, हा त्यामागील हेतू होता. म्हणूनच चुकीच्या एककावर काढलेला आलेख सारणीपेक्षा अधिक दिशाभूल करतो. कारण तो अधिक पटतो.

वासाहतिक काळातील वर्गीकरण :

मुंबई इलाख्यात १८७२ मध्ये पहिली व्यापक जनगणना झाली आणि १७ फेब्रुवारी १८८१ रोजी देशभर एकाच वेळी मोजणी करण्यात आली. जेम्स कॅम्पबेल यांच्या संपादनाखाली सिद्ध झालेल्या मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअरचा ठाणे जिल्ह्याविषयीचा तेरावा खंड १८८२ मध्ये प्रसिद्ध झाला. जिल्ह्याचे भूवर्णन, जाती-जमाती, शेती, व्यापार, जमीनमहसूल आणि न्यायव्यवस्था यांची तपशीलवार माहिती त्यात आढळते. वारली, कोळी, काथोडी या समाजांची वर्णनेही त्यात आहेत.

तथापि या सर्व माहितीची मांडणी राज्यकर्त्यांच्या गरजांनुसार झाली होती. महसूल हा शासनाचा मुख्य आधार असल्याने जमीन, धारा, पिके आणि थकबाकी यांचे रकाने सुस्पष्ट होते. माणसांच्या बाबतीत मात्र रकाने सतत बदलत राहिले. जंगल-डोंगरांत राहणाऱ्या जमातींचा धर्म कोणता मानावा, या प्रश्नावर वासाहतिक जनगणनेत एकवाक्यता कधीच झाली नाही. कधी 'मूळ रहिवासी', कधी 'निसर्गशक्ती वा आत्मे यांना भजणारे', तर १९३१ मध्ये 'जमातीचा धर्म' अशा संज्ञा वापरल्या गेल्या. मोजणी करणाऱ्याने देवतेचे नाव विचारले की सणाचे, यावर एकच कुटुंब एका रकान्यात किंवा दुसऱ्या रकान्यात पडू शकत असे. मुंबई विद्यापीठाचे समाजशास्त्रज्ञ डॉ. गो. स. घुर्ये यांनी १९४३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात या वर्गीकरणातील यादृच्छिकतेवर टीका केली. त्यांच्या एकूण निष्कर्षांविषयी मतभेद असू शकतात. परंतु रकान्याची व्याख्या बदलली की लोकसंख्याही 'बदलते', हा त्यांच्या टीकेतून निघणारा मुद्दा सांख्यिकीच्या दृष्टीने निर्विवाद आहे. अशा वेगवेगळ्या व्याख्यांचे आकडे एकाच रेषालेखावर जोडल्यास जी चढउतार दिसेल ती समाजातील बदलाची नसून नोंदवहीतील बदलाची असेल.

रकान्याबाहेरचे वास्तव :

वर्गीकरणाची दुसरी आणि अधिक गंभीर मर्यादा म्हणजे ज्याला रकानाच नाही ते. ठाणे जिल्ह्याच्या उत्तर भागात एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून आदिवासींच्या जमिनी मोठ्या प्रमाणावर सावकार व जमीनदारांकडे गेल्या. मालकाच्या शेतावर विनामोबदला राबण्याची वेठ आणि लग्नासाठी घेतलेल्या कर्जापोटी पिढ्यान्पिढ्या मालकाकडे बांधून घेतलेले 'लग्नगडी' ही त्याची परिणती होती. महसुली तक्त्यात धारा वेळेवर जमा होत असल्याचे दिसत असताना तो धारा कोणाच्या श्रमातून उभा राहिला, हे सांगणारा रकाना त्या तक्त्यात नव्हता.

मुंबई सरकारने नेमलेले अधिकारी डी. सिमिंग्टन यांनी १९३८ च्या अहवालात आदिवासींच्या कर्जबाजारीपणाची व वेठबिगारीची दखल घेतली. हा अहवाल महत्त्वाचा ठरतो, कारण तोपर्यंतच्या नियमित सारण्यांना जे सांगता आले नव्हते ते स्वतंत्र चौकशीमुळे शासनाच्या कागदावर आले. १९४५ मध्ये का. ज. सावे यांचा वारली समाजाविषयीचा ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्याच वर्षी मे महिन्यात झरी येथे वारल्यांची परिषद झाली आणि किसान सभेच्या नेतृत्वाखाली, शामराव व गोदावरी परुळेकर यांच्या पुढाकाराने, वेठ व लग्नगडी पद्धतीविरुद्ध आंदोलन उभे राहिले. आंदोलनातील एक प्रमुख मागणी दिवसाला बारा आणे किमान मजुरीची होती. पुढे गोदावरी परुळेकर यांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) या ग्रंथात हा लढा नोंदविला.

'बारा आणे' हा केवळ मागणीचा आकडा नाही. आजवर ज्या श्रमाला शासकीय तक्त्यात किंमतच नव्हती, त्या श्रमाचे एकक, म्हणजे एक दिवस, आणि त्याचे मूल्य, म्हणजे बारा आणे, हे मोजल्या जाणाऱ्यांनीच निश्चित केले. माहितीचे संघटन आणि माणसांचे संघटन यांचा असा थेट संबंध या परिसराच्या इतिहासात दिसून येतो.

सीमाबदल आणि रेषालेखाची समस्या :

दीर्घ कालखंडातील बदल दाखविण्यासाठी रेषालेख योग्य मानला जातो. परंतु त्यासाठी प्रत्येक बिंदू एकाच भूप्रदेशाचा असावा लागतो. या परिसरात ही अट पूर्ण होत नाही. स्वातंत्र्यपूर्व काळात उंबरगाव हा ठाणे जिल्ह्याचा भाग होता. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र व गुजरात ही राज्ये स्थापन झाली तेव्हा उंबरगावचा मोठा भाग गुजरातकडे गेला आणि महाराष्ट्रात राहिलेल्या गावांतून तलासरीचा स्वतंत्र विभाग आकाराला आला. त्यामुळे १९५१ आणि १९६१ चे जिल्ह्याचे किंवा तालुक्याचे आकडे सरळ रेषेने जोडणे शास्त्रशुद्ध ठरत नाही. १९४५ च्या लढ्याचा अभ्यास करतानाही हीच अडचण येते. झरी त्या वेळी उंबरगाव तालुक्यात मोडत होते, आज ते तलासरीत आहे. तालुक्याच्या नावाने साधने शोधणाऱ्या अभ्यासकाला अर्धी साधने दुसऱ्या राज्याच्या नावाखाली सापडतात.

यावर उपाय एकच आहे. विश्लेषणाचे एकक गावापर्यंत खाली नेणे आणि आजच्या सीमेतील गावांची जुन्या जनगणनांतील बेरीज नव्याने करणे. १९५१ पासून प्रसिद्ध होऊ लागलेल्या जिल्हा जनगणना पुस्तिकांमुळे हे शक्य होते. तालुक्यांच्या सीमा बदलल्या तरी कैनाडची ओळ शोधता येते. मोठ्या एककांचा इतिहास लिहिण्यासाठीही लहान एककाची ओळ जपून ठेवावी लागते, ती या कारणासाठी.

आणखी एक सावधगिरी आवश्यक आहे. जनगणनेची मोजणी प्रायः फेब्रुवारी-मार्चमध्ये होते. २०११ ची मोजणी ९ ते २८ फेब्रुवारी या काळात झाली. भातकापणी आटोपल्यावर दिवाळीनंतर वीटभट्ट्या, बांधकामे, रेतीचे काम यांसाठी या भागातील अनेक कुटुंबे गाव सोडतात आणि पावसाच्या तोंडावर परततात. म्हणजे मोजणीचा काळ आणि स्थलांतराचा काळ एकच आहे. जे संपूर्ण कुटुंब त्या वेळी भट्टीवर असेल त्याची नोंद त्याच्या गावच्या ओळीत येईलच असे नाही.

जिल्ह्याची सरासरी : ठाणे आणि पालघर :

२०११ च्या जनगणनेत ठाणे हा देशातील सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता. त्याची लोकसंख्या १,१०,६०,१४८ होती व त्यात अनुसूचित जमातींचे प्रमाण सुमारे १४ टक्के होते. राज्याच्या स्तंभालेखात हा एक मध्यम उंचीचा स्तंभ दिसत असे. २०१४ मध्ये जिल्ह्याचे विभाजन झाल्यावर पालघरच्या वाट्याला त्याच जनगणनेतील २९,९०,११६ लोकसंख्या आली आणि तीत अनुसूचित जमातींचे प्रमाण ३७.४ टक्के झाले. उर्वरित ठाण्यात ते ५ टक्क्यांच्या आसपास उरले. एकही माणूस आपल्या जागेवरून हलला नव्हता. हलली ती केवळ सीमारेषा.

परंतु नव्या जिल्ह्याची सरासरी तरी वास्तव सांगते काय, हे पुढील सारणीवरून तपासता येते.

सारणी : पालघर जिल्ह्यातील तालुके, २०११
(तालुका : एकूण लोकसंख्या : अनुसूचित जमातींचे अंदाजे प्रमाण)

वसई : १३,४३,४०२ : ७ टक्के
पालघर : ५,५०,१६६ : ३१ टक्के
डहाणू : ४,०२,०९५ : ६९ टक्के
वाडा : १,७८,३७० : ५७ टक्के
तलासरी : १,५४,८१८ : ९१ टक्के
जव्हार : १,४०,१८७ : ९२ टक्के
विक्रमगड : १,३७,६२५ : ९२ टक्के
मोखाडा : ८३,४५३ : ९२ टक्के

ही सारणी स्तंभालेखात मांडल्यास आठपैकी सहा स्तंभ ५० टक्क्यांच्या वर जातात, दोन खाली राहतात आणि जिल्ह्याची ३७.४ टक्के ही सरासरीची आडवी रेषा कोणत्याही स्तंभाच्या माथ्याला स्पर्श करीत नाही. जिल्ह्याचे प्रतिनिधित्व करणारा म्हणून सांगितला जाणारा आकडा जिल्ह्यातील एकाही तालुक्याचा नाही. याचे कारण वसई तालुक्यात आहे. मुंबईलगतच्या या नागरी तालुक्यात जिल्ह्याची सुमारे ४५ टक्के लोकसंख्या राहते. वसई वगळून गणित केल्यास उर्वरित सात तालुक्यांतील प्रमाण सुमारे ६२ टक्के होते. आठही तालुक्यांच्या टक्केवारीचा साधा मध्य सुमारे ६६ येतो, तर मध्यगा ८० येते. ३७, ६२, ६६ आणि ८० ही चारही उत्तरे गणिताच्या दृष्टीने बरोबर आहेत. प्रत्येक उत्तर वेगळ्या प्रश्नाचे आहे. 'जिल्ह्यातील शंभर माणसांत आदिवासी किती?' याचे उत्तर ३७ आहे. 'जिल्ह्यातील मधल्या तालुक्याचे स्वरूप कसे?' याचे उत्तर ८० आहे. नियोजनाच्या बैठकीत प्रश्न दुसरा असतो आणि उत्तर पहिले दिले जाते, हा धोका आहे.

वृत्तालेखातूनही हेच दिसते. जुन्या ठाणे जिल्ह्याच्या लोकसंख्येचे वर्तुळ ३६० अंशांचे धरल्यास तलासरीच्या वाट्याला जेमतेम ५ अंशांची पाकळी येत होती. छापील पृष्ठावर ती रेघेहून फारशी जाड दिसली नसती. पालघरच्या वर्तुळात ती साडेअठरा अंशांची होते, तर वसईची १६२ अंशांची, म्हणजे जवळजवळ अर्धे वर्तुळ. लोकसंख्येच्या प्रमाणात काढलेला वृत्तालेख निर्दोष असूनही लहान घटकाला अदृश्य करतो. म्हणून अशा ठिकाणी वृत्तालेखाऐवजी तालुकानिहाय स्तंभालेख वापरणे श्रेयस्कर ठरते.

येथे एक बाब नमूद करणे न्याय्य होईल. पाचव्या पंचवार्षिक योजनेत आदिवासी उपयोजना आखली गेली तेव्हा एकात्मिक आदिवासी विकास प्रकल्पांसाठी जिल्हा हे एकक न धरता त्याहून लहान क्षेत्र धरले गेले आणि निम्म्याहून अधिक आदिवासी लोकसंख्या हा सर्वसाधारण निकष मानला गेला. त्यामुळे जिल्ह्याची सरासरी १४ टक्के असतानाही डहाणू व जव्हार येथे आदिवासी विकास प्रकल्प कार्यालये उभी राहू शकली. एकक योग्य निवडले की माणसे दिसू लागतात, याचे हे उदाहरण आहे. मात्र याच निकषाची दुसरी बाजू अशी की, ५० टक्क्यांच्या रेषेखाली राहिलेल्या क्षेत्रांतील आदिवासी पाडे शहरी आकड्यांच्या सावलीतच राहतात.

अंगणवाडीतील वाढतक्ता :

प्राथमिक आलेखांपैकी जो आलेख या परिसरात सर्वाधिक काढला गेला, तो कोणत्याही ग्रंथात नसून अंगणवाडीच्या कपाटात आहे. आडव्या अक्षावर बालकाचे वय महिन्यांत आणि उभ्या अक्षावर वजन किलोग्रॅममध्ये, असा हा साधा रेषालेख आहे. नायजेरियातील इमेसी-इले या गावी डॉ. डेव्हिड मोर्ले यांनी केलेल्या कामातून ग्रामीण आरोग्यसेवेत त्याचा प्रसार झाला. बालकाचे वजन किती यापेक्षा रेषा वर जाते आहे, आडवी झाली आहे की खाली वळली आहे, याला त्यांनी महत्त्व दिले. आकडा एका दिवसाची स्थिती सांगतो; रेषा इतिहास सांगते.

डहाणू तालुक्याचा या इतिहासाशी थेट संबंध आहे. १९७० च्या दशकात तालुक्यातील कासा येथे डॉ. पी. एम. शहा यांच्या मार्गदर्शनाखाली माता-बाल आरोग्य व पोषण प्रकल्प राबविण्यात आला. गावातीलच अर्धवेळ सामाजिक कार्यकर्त्यांमार्फत बालकांची वजने घेऊन धोक्यातील बालके वेळीच ओळखणे, हा त्याचा गाभा होता. २ ऑक्टोबर १९७५ रोजी देशात ३३ प्रकल्पांद्वारे एकात्मिक बालविकास सेवा योजना सुरू झाली आणि पुढे वजननोंद हे अंगणवाडीचे नित्याचे काम झाले.

या आलेखातील वर्गसीमांचाही इतिहास आहे. भारतीय बालरोगतज्ज्ञ संघटनेने १९७२ मध्ये ठरविलेल्या वर्गीकरणात प्रमाणित वजनाच्या ८० टक्क्यांपेक्षा जास्त वजनाचे बालक सर्वसाधारण, तर त्याखालील बालके १०-१० टक्क्यांच्या अंतराने श्रेणी एक ते चार यांत विभागली जात. प्रमाणित वजन अमेरिकेतील बोस्टनच्या मुलांच्या मोजणीवर आधारलेले होते. एप्रिल २००६ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने नवी मानके प्रसिद्ध केली. ती भारतासह सहा देशांतील सुमारे साडेआठ हजार बालकांच्या अभ्यासावर आधारित होती. भारतात २००८ पासून ती स्वीकारण्यात आली; मुलगा व मुलगी यांचे तक्ते वेगळे झाले आणि चार श्रेणींऐवजी सर्वसाधारण, मध्यम कमी वजन व तीव्र कमी वजन असे हिरवे, पिवळे व नारिंगी पट्टे आले.

या बदलाचा अर्थ उदाहरणाने स्पष्ट होतो. एक वर्षाच्या मुलीचे वजन ७.५ किलो असेल, तर जुन्या पद्धतीने प्रमाणित सुमारे १० किलोच्या ते ७५ टक्के भरते, म्हणजे ती श्रेणी एकमध्ये, कुपोषित गणली जाई. नव्या मानकात तिच्यासाठी खालची सीमा ७ किलो आहे. म्हणून ती सर्वसाधारण ठरते. याउलट ६.२ किलो वजनाची मुलगी जुन्या पद्धतीने ६२ टक्के, म्हणजे श्रेणी दोनमध्ये येई. श्रेणी तीन व चारलाच तीव्र मानले जात असल्याने ती तीव्र कुपोषितांच्या यादीत नसे. नव्या मानकात तीव्र गटाची सीमा ६.३ किलो असल्याने तीच मुलगी नारिंगी पट्ट्यात येते. म्हणजे मानक बदलताच पहिली मुलगी यादीतून बाहेर गेली आणि दुसरी तातडीच्या यादीत आली. दोघींच्या वजनात एका ग्रॅमचाही फरक पडलेला नव्हता. म्हणून २००८ पूर्वीचे व नंतरचे कुपोषणाचे आकडे एकाच स्तंभालेखात शेजारी मांडून 'घट' किंवा 'वाढ' सिद्ध करणे इतिहासलेखनाच्या दृष्टीनेही चूक ठरते. दोन्ही काळांतील मूळ वजने उपलब्ध असतील तर ती एकाच मानकावर पुन्हा मोजली पाहिजेत.

वाढतक्त्याची दुसरी समस्या रिकाम्या महिन्यांची आहे. कुटुंब स्थलांतरित झाले की बालकाची रेषा कार्तिकात तुटते आणि ज्येष्ठात पुन्हा सुरू होते. मधले सहा-सात महिने कोरे असतात. हे दोन बिंदू पट्टीने जोडले तर आलेख पूर्ण दिसतो. परंतु त्या काळात बालकाची वाढ कशी झाली याचा पुरावा त्या रेषेत नसतो. अशा ठिकाणी तुटलेली रेषा तुटलेलीच ठेवणे अधिक प्रामाणिक होय, कारण ती कोरी जागा हीदेखील माहिती आहे. त्या कुटुंबाला सहा महिने गावात काम मिळाले नाही, हे ती सांगते. तसेच महिन्याच्या अहवालातील टक्केवारी 'वजन घेतलेल्या' बालकांची असते. जी बालके भट्टीवर आहेत ती अंशातही नसतात आणि छेदातही नसतात. सर्वांत असुरक्षित बालके मोजणीबाहेर राहिल्याने आलेख सुधारलेला दिसू शकतो.

निष्कर्ष :

१. डहाणू-तलासरी परिसराविषयीच्या सारण्यांतील रकाने प्रशासनाच्या गरजांनुसार ठरत गेले. महसूल नोंदला गेला, परंतु वेठ व लग्नगडी पद्धती नियमित सारण्यांबाहेर राहिल्या. त्या चौकशी अहवाल व जनआंदोलन यांमुळे प्रकाशात आल्या.
२. १९६० व २०१४ च्या सीमाबदलांमुळे तालुका व जिल्हा पातळीवरील आकडे सलग रेषालेखात जोडता येत नाहीत. गाव हेच तुलनेचे विश्वसनीय एकक ठरते.
३. पालघर जिल्ह्यातील अनुसूचित जमातींचे ३७.४ टक्के हे सरासरी प्रमाण जिल्ह्यातील एकाही तालुक्याचे नाही. विषम वितरणात मध्यासोबत मध्यगा व तालुकानिहाय स्तंभालेख देणे आवश्यक आहे.
४. कुपोषणाच्या मोजणीत २००८ नंतर वर्गसीमा बदलल्याने त्यापूर्वीच्या व नंतरच्या आकड्यांची थेट तुलना ग्राह्य नाही.
५. हंगामी स्थलांतरामुळे जनगणना व वाढतक्ता या दोहोंत नेमकी गरजू कुटुंबे गळण्याची शक्यता असते.

समारोप :

महाविद्यालयीन अभ्यासक्रमात वारंवारता सारणी, स्तंभालेख, आयतालेख व वृत्तालेख ही प्रकरणे बहुधा काल्पनिक गुणांच्या व काल्पनिक उत्पन्नाच्या उदाहरणांनी शिकविली जातात. सांख्यिकी, भूगोल, अर्थशास्त्र आणि इतिहास या विषयांच्या अध्यापकांनी आपल्याच तालुक्याच्या सारण्या वर्गात आणल्या, तर विद्यार्थ्यांना आलेख काढण्याबरोबरच आलेखाला प्रश्न विचारण्याचीही सवय लागेल. हा आकडा कोणत्या सीमेतला आहे, वर्ग कोणी पाडले, छेदात कोण नाही आणि कोरी जागा कोणाची आहे, हे चार प्रश्न कोणत्याही आलेखाला विचारता येतात. कैनाडच्या शाळेतून महाविद्यालयात आलेला विद्यार्थी जिल्हा जनगणना पुस्तिकेत आपल्या गावाची ओळ शोधतो, तेव्हा त्या ओळीत आपले घर कोठे आहे, की ते भट्टीवर होते म्हणून राहून गेले, हे तोच सांगू शकतो. ते उत्तर नोंदवून घेणे हे यापुढील स्थानिक इतिहासलेखनाचे कार्य आहे.